मस्टँगची बाजू

१९ मे २००९, मंगळवार

ही वही मिस लिमने दिली. मिस लिम म्हणजे इस्पितळातली स्पीच थेरपिस्ट, वय अठ्ठावीस, चिकाटी मुंगीची. माझ्या नवऱ्याने, निशिकांतने, रोज कोणता शब्द उच्चारला, कशावरून उच्चारला, ते वहीत लिहायचं. नऊ आठवड्यांत मी फक्त तारखा घातल्या आहेत. तारखांपुढे काही नाही. इतकी चांगली जाड कागदाची वही कोरी जाते, म्हणून आज ती उलटी करून मागच्या बाजूने माझं लिहायला घेतलंय.

मार्चमध्ये तो बोटीवरून सुट्टीवर आला होता. चीफ इंजिनिअर, तेवीस वर्षं समुद्रावर, कधी साधा तापही नाही. सोळा तारखेला सकाळी दाढी करता करता हातातला ब्रश पडला, तो उचलायला वाकला आणि उठलाच नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. पेपर वाचतो, विनोदाला हसतो. फक्त शब्द बाहेर येत नाही. ओठ हलतात, घसा ताणतो, मग मान फिरवतो.

आज मिस लिमने सफरचंद, कप, किल्ली अशी चित्रं दाखवली. त्याने त्यांच्याकडे बघितलंही नाही. मग तिने मला विचारलं, "मिसेस के, यांना सगळ्यात जास्त काय आवडतं?" करंदीकर तिला जमत नाही, म्हणून मी मिसेस के. मी विचार करत राहिले. एकवीस वर्षांचा संसार, आणि माझ्या तोंडून निघालं, "आमटी."

इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई! बाबा लव्ह्ज कार्स लाह. अमेरिकन कार्स."

सोळा वर्षांच्या मुलीला माहीत होतं.

२१ मे, गुरुवार

पलंगाखालची पेटी ओढून काढली. इतकी वर्षं मला वाटायचं, बोटीच्या यंत्रांची पुस्तकं असतील. तर सगळी मोटारींची मासिकं. मस्टँग, कॅमॅरो, चॅलेंजर. रुंद, बुटक्या, रागावल्यासारख्या दिसणाऱ्या गाड्या. समासात निशिकांतच्या बारीक अक्षरात टिपा: 'खोटं', 'वजन बघा', 'हे कोणी मोजलं?'

गंमत म्हणजे त्याने जन्मात गाडी घेतली नाही. या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे सिंगापुरात त्या रस्त्यावर आणताही येत नाहीत. तोआ पायोहच्या या फ्लॅटमधून आमचं सगळं आयुष्य बस आणि एमआरटीवर, म्हणजे मेट्रोवर, चाललंय. माणूस जे कधी मिळणार नाही त्याच्याबद्दल इतकं का वाचतो, कोण जाणे.

पेटी उघडलेली बघून तो व्हीलचेअर स्वतः ढकलत आला. डाव्या हाताने एक अंक उचलला आणि मांडीवर ठेवून बसला. बराच वेळ पान उलटलं नाही.

२४ मे, रविवार

उल्हास येऊन गेला. निशिकांतबरोबर दोन बोटींवर सेकंड इंजिनिअर होता. निघताना लिफ्टपाशी त्याला पेटीबद्दल सांगितलं, तर तो मोठ्याने हसला.

"वहिनी, मेसमध्ये आमच्या दोन पार्ट्या होत्या. मस्टँगवाले आणि कॅमॅरोवाले. निशी कॅमॅरोचा वकील. जेवणं थंड व्हायची, पण हा थांबायचा नाही. एकदा ह्यूस्टनला कोणाची तरी जुनी कॅमॅरो चालवून आला, तर पुढचे चार महिने आम्हाला तेच ऐकवलं!"

"निशिकांत?"

"मग? बोटीवर सगळ्यात बडबड्या माणूस."

मी लिफ्टचं बटण दाबून धरलं. घरी आल्यावर या माणसाचे शब्द म्हणजे 'हो', 'बरं', 'ठेव तिथे'. मी समजत होते, स्वभावच अबोल आहे.

जाता जाता उल्हास म्हणाला, "एक करा. त्याला कॅमॅरो आवडते ना, मग तुम्ही मस्टँगची बाजू घ्या. चुकीचं बोला. त्याला सहन नाही व्हायचं."

२७ मे, बुधवार

उल्हासच्या बोलण्याचा राग आला होता, पण सल्ला बरा वाटला. ऑफिसमध्ये माझं कामच ते. तीन कोटेशनं मागवायची, तक्ता करायचा, फोटोकॉपी मशीन असो की खुर्च्या. मग मोटारींचा का नाही? जेवणाच्या सुट्टीत तोआ पायोहच्या लायब्ररीत बसून नवीन अंक चाळले आणि तक्ता केला.

तिन्ही गाड्या यंदाच्या नव्या मॉडेलच्या, व्ही-एट इंजिनाच्या. मस्टँग सर्वात स्वस्त, अठ्ठावीस हजार अमेरिकन डॉलरच्या आसपास. बाकीच्या दोघी एकतीसच्या घरात. मस्टँगची ताकद तीनशे पंधरा घोडे, चॅलेंजरची पावणेचारशे, कॅमॅरोची चारशे सव्वीस. म्हणजे तीन हजार डॉलर जास्त देऊन शंभरावर घोडे मिळतात. खरेदी खात्यातली बाई म्हणून विचाराल तर कॅमॅरोचं कोटेशन पास होईल. पण कॅमॅरोच्या खिडक्या म्हणजे नुसत्या फटी, बाहेरचं नीट दिसत नाही म्हणे. मस्टँग तिघींत हलकी, आणि वळताना तिचे मागचे तीन दिवे एकापाठोपाठ एक लागतात. ते मला फार आवडलं. चॅलेंजर दिसायला म्हैस, वजनालाही म्हैस.

संध्याकाळी तक्ता त्याच्यापुढे धरला आणि सांगितलं, "माझं मत मस्टँगला." त्याने तक्ता वाचला. पूर्ण वाचला. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं पूर्वी मी त्याच्या पानात साखर घातलेली आमटी वाढली की बघायचा.

२ जून, मंगळवार

शब्द आला!

सकाळी पेपरात पहिल्याच पानावर, कॅमॅरो बनवणाऱ्या कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. मी चहा देता देता म्हटलं, "घ्या! तुमच्या कॅमॅरोवाल्यांचं दिवाळं वाजलं. आमची मस्टँग मात्र उभी आहे हो."

त्याने पेपर ओढून घेतला, वाचला, आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाला, "च्यायला!"

माझ्या हातून चहा सांडला. इरा आतून धावत आली. तो स्वतःच दचकला होता. पुन्हा म्हणायला गेला तर जमेना. मग तिघंही हसत सुटलो.

इस्पितळाच्या दारात स्वाइन फ्लूमुळे ताप बघायची रांग होती, तेवढाही धीर मला निघेना. मिस लिमने शब्द इंग्रजीत लिहून घेतला आणि अर्थ विचारला. मी सांगितलं, "अरेरे, असा अर्थ." ती म्हणाली, शिवी, प्रार्थना, आकडे असे शब्द आपोआप येतात, ते खरं बोलणं धरत नाहीत, पण दार किलकिलं आहे. म्हणजे तिला अर्थ कळला होता.

वहीच्या पुढच्या बाजूला पहिली नोंद केली. शब्द: च्यायला. कशावरून: दिवाळखोरी.

११ जून, गुरुवार

आता पद्धत बसली आहे. संध्याकाळी सहा ते सात भांडण. इराची शाळा सुट्टीवर आहे, ती पंच. मी मुद्दाम आकडे चुकवते.

"कॅमॅरोची ताकद तीनशे सव्वीस. बरोबर ना?"

त्याने मान हलवली. नाही.

"छे, मला पक्कं आठवतंय. तीनशे."

"चा..." डावा हात टेबलावर आपटला. "चा... चार!"

"चार काय?"

मिस लिम सांगते, शब्द पुरवायचा नाही, थांबायचं. थांबणं फार कठीण आहे. त्याच्या कपाळावर घाम येतो आणि माझ्या जिभेवर शब्द तयार असतो. मी पदर तोंडात धरावा तसा ओठ चावून बसते.

"चारशे," तो म्हणाला. दम घेतला. "चूक. तू... चूक."

वीस मिनिटांत चार शब्द. मी मस्टँगची बाजू हरले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

२० जून, शनिवार

आज मी अती केलं. तो दमला होता, दुपारी पायाचा व्यायाम झाला होता. मी तरी चुकीचे आकडे फेकत राहिले. मस्टँगचा मागचा अ‍ॅक्सल जुन्या पद्धतीचा, एका दांड्याचा, हे मला चांगलं ठाऊक आहे. खड्ड्यात एक चाक गेलं की दुसरंही उसळतं. मी म्हटलं, तोच भारी. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. त्याने सगळी मासिकं हाताने लोटून खाली पाडली आणि डोळे मिटले.

इरा म्हणाली, "आई, यू नो ही नोज, राइट? तू मुद्दाम चुकतेस ते."

"माहीत आहे?"

"ऑफ कोर्स लाह. तुझ्यासाठी प्ले करतो."

मला वाटत होतं, मी त्याला खेळवते आहे.

मासिकं गोळा करून पेटीत ठेवली. दोन दिवस भांडण नाही.

५ जुलै, रविवार

ही नोंद लिहावी की नाही, अर्धा तास विचार करतेय.

सकाळी पाचला उठते. त्याला उठवणं, आंघोळ, कपडे, नाश्ता. बाहेरच्या कोणाला तो हात लावू देत नाही. दोनदा बाई लावून बघितली, त्याने दाराची कडी घातली. दुपारी शेजारच्या कमला आंटी फक्त डोकावतात. मी ऑफिसातून धावत येते. पाठ गेली आहे. परवा इराने गणिताचा काहीतरी प्रश्न विचारला आणि मी तिच्यावर ओरडले. तिचं ओ-लेव्हलचं, इथल्या दहावीचं, वर्ष आहे.

आज शिरीषचा पुण्याहून फोन आला. निशिकांतचा धाकटा भाऊ, मनाने फार चांगला. म्हणाला, "वहिनी, तुम्ही सगळे इकडे या. आमच्याच इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट रिकामा आहे. दिवसभराचा माणूस मिळेल. तुम्ही एकट्या किती ओढणार?"

मी 'हो' म्हटलं. इतकं पटकन म्हटलं की मलाच आश्चर्य वाटलं. डिसेंबरमध्ये, इराची परीक्षा झाल्यावर. तो ऑगस्टमध्ये येऊन निशिकांतला समजावणार आहे.

निशिकांतला मी सांगितलेलं नाही. सांगून काय? त्याला त्रास होईल आणि तो बोलून दाखवू शकणार नाही. बोलता न येणाऱ्या माणसाला विचारणं म्हणजे छळच. शिवाय त्याच्याच भल्याचं आहे. एकवीस वर्षं तो समुद्रावर असताना घराचे सगळे निर्णय मीच घेतले, तेव्हा कुठे कोणी कोणाला विचारलं होतं? ही शाळा, हा फ्लॅट, इथे कायम राहायचा पीआरचा अर्ज, सगळं मी केलं आणि फोनवर त्याला कळवलं. तो म्हणायचा, 'बरं.'

१९ जुलै, रविवार

त्याच्या डोक्यात काहीतरी गोंधळ आहे. मिस लिमला सांगायला हवं.

भांडण पुन्हा सुरू केलंय, पण आता तो कॅमॅरोवर बोलतच नाही. गेला आठवडाभर चॅलेंजरचं पान उघडतो. जिला तो स्वतः समासात 'हत्ती' लिहून मोकळा झालाय, तिचंच! आधी तिच्या डिकीचा आकडा दाखवला. तिघींत सर्वात मोठी. मग मागची सीट. "तीन," म्हणाला. तीन माणसं बसतात. कॅमॅरोच्या मागे धड दोन बसत नाहीत. इराचं म्हणणं, व्हीलचेअर मावायला डिकी बघतोय. असेल. परवा टॅक्सीच्या डिकीत गॅसची टाकी निघाली आणि खुर्ची मावली नाही, दोन टॅक्सी सोडाव्या लागल्या. पण तो काय खरंच गाडी घेणार आहे? आणि तीही अमेरिकेत?

मग त्याने पेन्सिल मागितली. डाव्या हाताने गाडी काढली, वरून दिसते तशी. तीन चौकोन: पुढे दोन सीट, मागे एक लांब. मागच्या चौकोनात 'इ'. पुढे उजवीकडे 'नि'. पुढे डावीकडे 'सु', म्हणजे मी. चित्र माझ्याकडे सरकवून वाट बघत बसला.

मी म्हटलं, "छान."

खरं सांगायचं तर वाईट वाटलं. स्वप्नातल्या गाडीतही हा उजवीकडे, चालकाच्या जागी, आणि मी शेजारी. एक हात हलत नाही, पाय ओढतो, तरी गाडी त्याचीच. नेहमीप्रमाणे. मला ते मनात धरायला नको होतं, पण धरलं. पुण्याचं ठरवलं ते योग्यच, असंही वाटून गेलं.

त्याने चित्र परत घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी चुकलं, पण काय ते मला कळलं नाही.

९ ऑगस्ट, रविवार

शिरीष काल आला. लोणच्याच्या बरण्या, खपलीचा रवा, भावासाठी मऊ सुती सदरे, सगळं घेऊन. भावाला बघून दाराशीच रडला. निशिकांतने डाव्या हाताने त्याची पाठ थोपटली. आता तो चार पायांच्या काठीवर घरातल्या घरात चालतो. ते बघून शिरीष आणखी रडला.

आज नॅशनल डे, सिंगापूरचा स्वातंत्र्यदिन. जेवणं झाल्यावर आम्ही टेबलाशी बसलो. शिरीष माझ्यासमोर, निशिकांत मध्ये. इरा खिडकीत, विमानांची कवायत बघायला.

शिरीषने फ्लॅटचे फोटो माझ्यापुढे मांडले. "वहिनी, ही रॅम्प करून घेतली. माणूस पण बघून ठेवलाय. आमचे डॉक्टर म्हणाले, दादाला तीन महिन्यांत सवय होईल."

निशिकांतने फोटो उचलले. एकेक बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"अरे दादा," शिरीष म्हणाला, "वहिनींशी जुलैमध्येच बोलणं झालंय. तू काळजी नको करूस. सगळं ठरलंय."

तेवढ्यात विमानं आली. आमच्या डोक्यावरूनच जातात, तावदानं थरथरतात. कोणालाच बोलता येईना. इरा खिडकीतून मागे वळली होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं, तिलाही आत्ताच कळतंय. मी टेबलाकडे बघत बसले. विमानं लांब गेली तेव्हा निशिकांतचा घसा ताणलेला होता.

"मला," तो म्हणाला.

"हो हो, तुला सगळं कळतं, दादा."

"मला... वि... विचार."

शिरीष हसला, पण कसनुसं. "अरे, तुझ्याच भल्यासाठी..."

"विचार!" डावा हात टेबलावर इतक्या जोरात पडला की फोटो उडाले.

शिरीषने खुर्ची सरळ केली, भावाकडे तोंड करून बसला. "दादा, पुण्याला यायचंय का तुला?"

निशिकांतने डोळे मिटले. शिरीषला शांतता सहन होईना. "हो ना? येशील ना?"

"शिरीषभाऊ, थांबा," मी म्हटलं. "त्याला वेळ लागतो."

आम्ही थांबलो. किती वेळ ते सांगता येत नाही. खाली मुलं झेंडे घेऊन ओरडत होती.

"नाही," तो म्हणाला. मग हळूहळू, एकेक वीट उचलून ठेवावी तसे: "इरा... शाळा. मिस... लिम. घर." थांबला. "माझं. घर."

आणि माझ्याकडे वळला. "तू... हो... म्हणालीस?"

आजारपणानंतर त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. आजारपणाच्या आधीचेही मला फार आठवत नाहीत.

"म्हणाले," मी म्हटलं. "मला झेपत नाही, निशिकांत. माझी पाठ दुखते. तू दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीस. मी पाचला उठते आणि मला वाटतं, आज नको उजाडायला. मी तुला विचारायला हवं होतं. पण तू नाही म्हटलं असतंस तर मी काय केलं असतं?"

इरासमोर, शिरीषसमोर. एवढं मी कोणाला बोलले नव्हते, इथेही असं लिहिलं नव्हतं.

तो रागावला असेल असं वाटलं.

"सांग," तो म्हणाला. "मला... सांग... ना."

शिरीषने फोटो गोळा करून पाकिटात घातले. "चुकलंच माझं, दादा," म्हणाला. "बोलता येत नाही म्हणजे मत नाही, असंच धरून चाललो मी." मीही तेच धरून चालले होते.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

शिरीष सकाळच्या विमानाने गेला. जायच्या आधी दोघं भाऊ खाली ब्लॉकच्या आवारातल्या, आजारी-म्हाताऱ्यांच्या डे-केअर केंद्रात जाऊन आले. चौकशी करायची कल्पना शिरीषची, पण 'चल' म्हणाला निशिकांत. आठवड्यातले तीन दिवस तो तिथे जाणार. आणि सकाळी आंघोळीला बाई येणार. बाईला आज त्याने आत घेतलं. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होता, पण कडी घातली नाही. मी सात वाजेपर्यंत झोपले.

संध्याकाळी इरा टेबल आवरत होती. मासिकातून ते तीन चौकोनांचं चित्र निघालं.

"आई, हे कधी काढलं?"

मी सांगितलं. तिला जरा टोमणाही मारला, बघ, तुझे बाबा स्वप्नातही स्टिअरिंग सोडत नाहीत.

तिने चित्र बघितलं, मग मला बघितलं. "आई. अमेरिकन कार. स्टिअरिंग लेफ्टला असतं."

मी तिच्या हातातून कागद घेतला.

डावीकडे 'सु'.

हे मला माहीत नव्हतं का? याच वहीत मी मे महिन्यात लिहिलंय, डाव्या स्टिअरिंगमुळे या गाड्या इथे आणता येत नाहीत. तक्त्यात रकाना होता. आणि तो माणूस पेन्सिल हातात धरून माझ्या उत्तराची वाट बघत बसला होता, तेव्हा मी म्हटलं, 'छान.'

तो गॅलरीत बसला होता. त्याच्याजवळ जाऊन चित्र पुढे धरलं. "मी चालवायची?"

"हो."

"मला येत नाही."

त्याने विचार केला. "शीक," म्हणाला.

मी म्हटलं, "मग चॅलेंजर नको. एवढी मोठी मला वळवता येणार नाही. मस्टँग." या वेळी मी चुकीचं बोलत नव्हते, खरंच तसं वाटत होतं. त्यालाही ते कळलं असावं, कारण त्याने लगेच नाही म्हटलं नाही. बराच वेळ मनात वजन केलं आणि म्हणाला, "बरं."

हे 'बरं' वेगळं होतं.

२७ सप्टेंबर, रविवार

दीड महिना काही लिहिलं नाही. लिहायला वेळ झाला नाही असं नाही, सांगायचं ते आता त्यालाच सांगते. कधी तो ऐकता ऐकता झोपतो.

इराची सराव परीक्षा संपली. तिने मागितलं, पुलाउ उबीन बेटावर जाऊ या, तिघं. मी नको म्हणत होते. जेट्टीच्या पायऱ्या, हलणारी होडी. निशिकांतने शांतपणे बूट मागितले.

चांगीच्या जेट्टीवर बारा माणसं जमेपर्यंत होडी सुटत नाही. आम्ही सात होतो. होडीवाला सत्तरीचा, गळ्यात टॉवेल, पायात रबरी सपाता. त्याने निशिकांतची काठी आधी आत घेतली, मग दंडाला धरून त्याला, काही न बोलता, रोजचंच काम असल्यासारखं. निशिकांत इंजिनाच्या झाकणाशेजारच्या बाकावर बसला. मी त्याच्या बाजूला, मध्येच तोल गेला तर धरायला.

पाच सायकलवाले आले आणि इंजिन सुरू झालं. मला सगळी इंजिनं सारखीच ऐकू येतात. धूर काळा येत होता, एवढं दिसलं. निशिकांतने मान तिरकी केली. डोळे बारीक केले. त्याचा डावा हात गुडघ्यावर ताल धरू लागला. टक, टक, टक, आणि एक चुकलेली टक.

"इं..." तो म्हणाला. "इंजे..."

इंजेक्शन? पुन्हा काही होतंय का? मी पर्समधल्या गोळ्या चाचपल्या. "निशिकांत, दुखतंय का? छातीत?"

त्याने मला हाताने बाजूला केलं, हळूच, आणि होडीवाल्याकडे बघून म्हणाला, "इंजेक्टर."

होडीवाल्याने सुकाणूवरून मान वळवली.

"नंबर..." निशिकांतने ऐकलं, पुन्हा बोटाने ताल मोजला. "थ्री. नंबर थ्री. लीक."

"आय्या!" होडीवाला ओरडला. "आय टेल माय ब्रदर नंबर थ्री! ही से नो, नंबर टू! यू इंजिनिअर, आह?"

"चीफ," निशिकांत म्हणाला. "चीफ इंजिनिअर."

"ओह, चीफ! कम, कम, यू हिअर." त्याने पायाने इंजिनाचं झाकण सरकवलं. गरम तेलाचा वास आला. सायकलवाले पाय वर घेऊन बसले. इराने माझा हात घट्ट धरला. निशिकांत काठीवर भार देऊन पुढे वाकला, डावा हात आत नेऊन एका नळीकडे बोट दाखवलं आणि काहीतरी म्हणाला. होडीवाल्याने काहीतरी विचारलं. निशिकांत अडला. ओठ हलले, घसा ताणला. होडीवाला सुकाणू धरून, त्याच्याकडे बघत, खुशाल थांबला.

मला सवय झाली आहे, म्हणून त्याला मदत करायला तोंड उघडलं. आणि मिटलं. तिथे लागणारा शब्द मला येतच नव्हता.